तांबेकाकांचा पसंतीक्रम

तांबेकाका माणसाला नावाने हाक मारत नाहीत, बारावीच्या टक्क्यांनी मारतात. रत्नागिरीत माळनाक्यावर भर गर्दीत रस्त्यापलीकडून "ए बावन्न" अशी हाक आली की चार माणसं वळून बघतात आणि त्यांतला एक मी असतो. पन्नाशी उलटली, केसांना कलप लागला, हातात कोलंबीची पिशवी असते. तरी काकांसमोर मी बावन्नच.

काका आमचे शेजारी. मी शिकलो त्या कॉलेजात ते हेडक्लार्क होते. तीस वर्षं गुणपत्रिका त्यांच्या हातून वाटल्या गेल्या आणि त्यांतली एकही ते विसरलेले नाहीत. लग्नानंतर बायकोला त्यांच्या पाया पडायला नेलं, तर आशीर्वाद देऊन मला म्हणाले, "हिला तुझं फिजिक्सचं सांगितलंस ना?" तेव्हापासून आमच्या घरातला कुठलाही वाद फिजिक्सपाशी येऊन थांबतो आणि मी हरतो. एकदा काकांची दाढ दुखायला लागली तेव्हा दाताच्या डॉक्टरला त्यांनी तोंड उघडायच्या आधीच विचारलं, "केमिस्ट्रीत अडतीस ना रे तुला?" डॉक्टरने भूल जरा सढळ हाताने दिली असावी, कारण काका संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत.

पुढे टक्क्यांचं राज्य गेलं आणि सीईटीच्या पर्सेंटाइलचं आलं. आम्हाला वाटलं, आता काका थंडावतील. त्यांनी नवा देव आठवड्यात पत्करला. मासळीबाजारात सुरमईचा भाव करता करता बायकांना समजावून द्यायचे, "टक्के म्हणजे पोराने काय लिहिलं ते. पर्सेंटाइल म्हणजे बाकीच्यांनी किती माती खाल्ली ते." माझ्या मुलीला बोर्डात ब्याण्णव पडले (आईवर गेली) आणि सीईटीत एकसष्ट (माझ्यावर). ती रडत बसली, तर काका समजूत काढायला आले. "रडू नको गो. तुझं काही चुकलं नाही. बाकीच्यांनी यंदा माती कमी खाल्ली." हा धीर होता की टोमणा, हे तिला अजून उमगलेलं नाही.

दर पावसाळ्यात आळीतली पोरं त्यांच्या पडवीत इंजिनीअरिंग प्रवेशाचे ऑप्शन फॉर्म भरायला जमतात. कॉलेजं पसंतीच्या क्रमाने लावायची असतात, आणि एक नंबरचं मिळालं की जागा पक्की. पुढच्या फेरीत हलता येत नाही. घाबरट पोरं हमखास मिळणारं कॉलेजच वर टाकतात. मग काका खेकसतात, "मेल्या, मनातलं वर, भीतीतलं खाली." हॉटेलातही त्यांचं तेच. मिसळ एक, वडा दोन, भजी तीन, यातलं पहिल्या फेरीत लागेल ते आण. वेटर त्यांना न विचारता चहा देतो.

यंदा त्यांची नात प्राची बारावीला होती. मुलगा लोट्याला कंपनीत शिफ्टवर, सूनही तिकडेच. प्राची आठवीपासून इथे शिकायला राहिलेली. काकी गेल्यापासून घरात ही दोघंच, प्राची आणि तिचे नाना. बारावीत तिला एकाहत्तर टक्के पडले. काकांनी चक्क खूश व्हावं याचं आम्हाला नवल वाटलं. इथलंच इंजिनीअरिंग कॉलेज मिळेल, चांगलं आहे, म्हणत त्यांनी सुताराकडून तिच्यासाठी खिडकीपाशी मोठं टेबल करून घेतलं.

मग सीईटीचा निकाल लागला. अठ्ठ्याण्णव पर्सेंटाइल.

पेढे काकांनीच वाटले, पण दुसऱ्या दिवसापासून ते सीईटीला शिव्या घालू लागले. तीन तासांत पोरीचं काय कळतं, बोर्डाचेच मार्क खरे, त्यात दोन वर्षांचा अभ्यास दिसतो, वगैरे. मी आठवण करून दिली, की गेल्या वर्षी तुम्ही नेमकं उलटं सांगत होतात. तर म्हणाले, "बावन्नवाल्याने यात पडू नये."

फॉर्मच्या शेवटच्या दिवशी दुपारी तेच माझ्या दारात उभे. प्राचीचा फॉर्म मी येऊन भरावा, म्हणाले. मी म्हटलं, काका, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

"म्हणूनच. ती सांगेल ते तू टाकशील." मग चपलेकडे बघत म्हणाले, "सकाळपासून चारदा भरला रे. चारही वेळा रत्नागिरी एक नंबरला पडली. हात मेला तिथेच जातो."

आम्ही दोघं त्या नव्या टेबलाशी बसलो. काका आमच्याकडे पाठ करून बाहेर पायरीवर. प्राची हलक्या आवाजात सांगत होती आणि मी एका बोटाने टाकत होतो: पुणे, पुणे, मुंबई, परत पुणे. दहा झाली. ती जरा वेळ पायरीकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "इथलंही टाका, काका." मी टाकलं आणि फॉर्म पाठवून दिला.

बाहेरून आवाज आला, "इथलं कितवं आलं गो?"

"अकरावं, नाना."

काका पायरीवरून उठून दारात आले.

"म्हणजे यादीत आहे," काका म्हणाले.

"आहे की."

"बरं झालं," म्हणाले आणि तिच्यासाठी चहा टाकायला आत गेले.