वीब्रन काकांच्या शेतातलं विमान

त्या बुधवारी शेतात पुढील गोष्टी होत्या: मोजणारी एक, चुंबकमापक यंत्र एक, सुरक्षा पर्यवेक्षक एक. पर्यवेक्षकाकडे लोखंडी घडीची खुर्ची, आग विझवायचा सिलिंडर, पोलादी टोकाचे बूट आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा. जमिनीखाली लोखंड आहे की नाही, हे पाहायला हे सारं जमलं होतं.

शेत वीब्रन काकांचं. युद्धाच्या काळात तिथं तळं होतं आणि चार इंजिनांचं एक बॉम्बफेकी विमान त्यात पडलं, असं म्हणत. पुढे हॉलंडनं तळं उपसून त्याची जमीन केली, जमिनीवर ट्यूलिप आले आणि विमानाचा विषय मागे पडला. तो पुढे आणला तालुक्याच्या 'हरवलेली विमाने' कक्षानं, आणि मोजायला नेमलं काकांच्याच पुतणीला, यित्सकेला. तिनं भूभौतिकशास्त्राची पदवी घेतली होती. दशांशाच्या दुसऱ्या घरापर्यंत अचूक चुकण्याचं शिक्षण तिच्याकडे होतं.

काकांचं म्हणणं साधं होतं. "पोरी, कंद खोक्यांत पडलेत. जमीन गोठायच्या आत लावायचेत. काय ते लवकर मोज."

यित्सके यंत्र घेऊन ओळीओळीनं चालली. जमिनीत बॉम्ब असू शकतो, म्हणून नियमानुसार पर्यवेक्षक दुर्क दहा मीटरच्या आत हवा. तो खुर्ची टाकून बसला. एक कॉफी झाली, की खुर्ची, सिलिंडर आणि डबा उचलून पुढे जाई. तिलाही त्यानं एक बिस्किट दिलं आणि लगेच झाकण लावलं. दिवसभरात चार कॉफ्या झाल्या.

आलेख सुंदर आला. एका सरळ रेषेत, सारख्या अंतरावर, चार जबरदस्त ठिपके. चार इंजिनं. यित्सकेनं ठिपक्यांमधलं अंतर दोनदा तपासलं. ठिपके कशाचे, हे एकदाही तपासलं नाही. कक्षप्रमुख श्रीमती रोएलिंग यांनी शेत बंद केलं आणि कुंपणावर पाटी लागली.

काकांनी पाटी वाचली. "म्हणजे कंद?"

"चौकशी पूर्ण झाल्यावर," यित्सके म्हणाली.

रात्री आलेख पुन्हा पाहताना तिला दिसलं, की पहिला ठिपका तिनं बिस्किट खाल्लं तिथंच होता. सकाळी ती कक्षात गेली.

"बाई, ते विमान नाही. तो दुर्क आहे."

श्रीमती रोएलिंग यांनी चष्मा काढला. "नोंदलेलं विमान असं परत घेता येत नाही. फेरमोजणी करा. पर्यवेक्षकासमोर."

फेरमोजणीला दुर्कनं शहाणपणानं वागायचं ठरवलं. मागच्या जागी बसायचं नाही, म्हणून तो शेताच्या दुसऱ्या कडेला बसला. विमानं दोन झाली. दोन विमानं म्हणजे दुप्पट धोका, म्हणून तिसऱ्या मोजणीला दोन पर्यवेक्षक आले. विमानं चार झाली आणि बंदी बांधापर्यंत पोचली.

"माझ्या शेतात युद्धात एक विमान पडलं असेल, तर तक्रार नाही," काका म्हणाले. "पण तू दर बुधवारी नवीन पाडतेस."

दुर्क ओशाळला. "मी काही हातही लावला नाही, काका. नुसता बसलो होतो."

"तेच म्हणतोय मी."

खोक्यांतल्या कंदांना कोंब फुटले होते. रविवारी यित्सके एकटीच, बूट काढून, नुसत्या मोज्यांवर ओल्या शेतातून यंत्र फिरवून आली. आलेख सपाट आला. काहीच नव्हतं. तिनं तो सोमवारी पुढे सरकवला.

"पर्यवेक्षक कोण होता?" श्रीमती रोएलिंग यांनी विचारलं.

"कोणीच नाही. म्हणून तर काही दिसलं नाही."

"मग बघितलं कोणी?"

तोडगा निघाला. पर्यवेक्षक नसेल तर नागरिकांनी साक्षीदार म्हणून यावं. सूचना यित्सकेनंच लिहिली, आणि आता ती फसणार नव्हती. खुर्च्या, सिलिंडर, पत्र्याचे डबे, पोलादी बूट आणि दुर्क यांना तिनं नावानिशी मनाई केली. बांधावरचा रस्ता रुग्णवाहिकेसाठी मोकळा हवा, म्हणून वाहनं शेतात आत लावावीत, असंही तिनंच जोडलं.

शनिवारी सगळा गाव लोटला. कंद कोणी आणले नव्हते, फावडंही कोणी आणलं नव्हतं. सत्य बाहेर पडताना आपण हजर असावं, एवढीच प्रत्येकाची इच्छा होती. लोक बांधावर हात खिशात घालून शांत उभे राहिले. दुर्क घरी होता. काकांनी कंद लावायचं यंत्र तेल घालून आणलं होतं, तेवढं बांधापलीकडे ठेवलं.

यित्सकेनंही आपली सायकल इतरांच्या सायकलींशेजारी, रांग न मोडता, शेतात आडवी केली, बूट काढले आणि मोजायला सुरुवात केली.

निकाल त्याच संध्याकाळी कुंपणावर लागला.

इंजिनं: दोनशे एक्कावन्न. विमानं: बासष्ट, बाकी तीन. लागवडीखालील क्षेत्र: शून्य हेक्टर.