नाव घेऊन प्रार्थना

एस्तेरमावशी दुसऱ्यांच्या पापांसाठी प्रार्थना करतात. करोत बापड्या! पण नाव घेऊन? पत्ता सांगून? आणि तेही पापी समोर सतरंजीवर बसलेला असताना?

रायपुरात आमची मराठी ख्रिस्ती घरं मोजकी. दर शुक्रवारी संध्याकाळी कोणाच्या तरी घरी प्रार्थनासभा असते. रीत अशी, की एकदा माणसानं डोळे मिटून "हे प्रभू" म्हटलं, की आमेनपर्यंत त्याला कोणी अडवायचं नाही. मावशींना तेवढंच पाहिजे असतं.

"हे प्रभू, आपला मार्कस पुन्हा पत्त्यांवर बसून राहिला. तात्यापाऱ्यात, त्या टायरवाल्याच्या मागं. बायकोले सांगते, ड्यूटी आहे. त्याले हात धरून उचल, बापा!"

मार्कस माझ्या शेजारीच! कान लालबुंद. बायको त्याच्या पलीकडे! आणि आम्ही काय म्हणायचं? आमेन!

माझं नि जाऊबाईंचं कुकरवरून बोलणं बंद झालं, तेही मावशींनी देवाच्या कानावर घातलं. चौबे कॉलनीत, माझ्याच घरात, माझाच चहा पिऊन! बरं, दुसरं कोणी प्रार्थना करत असलं तरी यांची मिटल्या डोळ्यांनी दुरुस्ती चालूच: "मंगळवार नाही, बुधवार होता, प्रभू."

फक्त एक नाव त्यांच्या तोंडून कधी आलं नाही. त्यांच्या एकुलत्या एका मुलाचं, सुनीलचं. त्याचं पिणं त्यांच्या अख्ख्या गुढियारी वस्तीला ठाऊक. आम्हीही ते नाव टाळायचो. म्हातारीला कशाला दुखवा? शिवाय मनातून प्रत्येकाला वाटायचंच, आता बघू, स्वतःच्या पोराचं कसं सांगते ते!

मागच्या शुक्रवारी सभा मावशींच्याच घरी होती. आदल्या दिवशी सुनील चौकात पडलेला सगळ्यांनी पाहिला होता. मावशींनी सुरुवात केली, "हे प्रभू..." आणि गप्प. आम्ही वाट पाहतोय. वर पंखा घरघरतोय. मग डोळे न उघडताच त्या आमच्यावर ओरडल्या. भर प्रार्थनेत!

"माह्या पोट्ट्याचं नाव काहून नाही घेत तुम्ही? मी तुमचं सगळ्यायचं घेते ना? माह्या तोंडातून त्याचं निघत नाही. तुम्ही सोडून देल्लं का त्याले?"

अरे देवा! आम्ही तोंड मिटून मोठे सभ्य बनलो होतो, आणि ही बाई दर शुक्रवारी पोराचं नाव कोणीतरी घेईल म्हणून कान देऊन बसत होती.

कोणीतरी घसा खाकरला. मार्कस! होय, मार्कसच!

"हे प्रभू, आपला सुनील. काल गुढियारीच्या चौकात पडला होता. उजव्या पायात चप्पल नव्हती..."

"डाव्या," मावशी हळूच म्हणाल्या. "मीच घातली मग."

"डाव्या, प्रभू," मार्कस म्हणाला. "त्याले हात धरून उचल."

"हव," मावशी म्हणाल्या. "हव, बापा."