विमानानं बसकण मारली

वजनाच्या बाबतीत माझा हात धरणारा माणूस अजून जन्माला यायचाय! कुणी दारातून आत आलं, की नुसत्या नजरेनं मी त्याचं वजन सांगतो. (त्यामुळे आमच्याकडे पाहुणे फारसे येत नाहीत, ते सोडा.)

नोकरीच तशी आहे. विमानाच्या पोटात कुठलं सामान पुढे आणि कुठलं मागे, हे मी ठरवतो. लहान विमानाला तर फार जपावं लागतं. मागे भार जास्त झाला, की नाक वर आणि शेपूट खाली! नव्या लोकांना मी हे इतकं रंगवून सांगतो, की त्यांची बोबडी वळते. सामान चढवताना शेपटाखाली टेकू लावायचा असतो. पण मी जातीनं हजर असताना टेकू कशाला, असं मला वाटायचं!

त्या सकाळी वेटलिफ्टिंगचा संघ निघाला होता. एकेक खेळाडू म्हणजे चालतं-बोलतं फ्रीज! आणि सामान काय, तर लोखंडी चकत्यांच्या पेट्या! खेळाडू मागच्या रांगांत बसणार होते, म्हणून लोखंड पुढे, असं मी ठरवलं. मनात. सांगायचं तेवढं राहिलं.

कारण कानातल्या इयरफोनवर बायको आली.

"अहो, नवीन कपाट आलंय! पुढच्या खोलीत ठेवू की मागच्या?"

त्याच क्षणी आमचे हमालांचे मुकादम, ज्यांना सगळे मामा म्हणतात, गाडी घेऊन समोर उभे. "साहेब, हे लोखंड कुठे?"

मी बायकोला म्हणालो, "मागे! एकदम मागे!"

मामांच्या कपाळावर आठी पडली. "साहेब, पण मागे..."

"अहो, पण मागे खिडकी आहे!" बायको म्हणाली.

"असू दे! या कामात केस पांढरे झालेत माझे! मला शिकवू नका!"

एका वाक्यात दोघंही गप्प. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

पेट्या मागे गेल्या. मग खेळाडू मागच्या दारानं चढले आणि वर बॅगा ठेवायला सगळे शेपटाकडेच उभे राहिले. विमान कण्हलं. पुढचं चाक अलगद उचललं गेलं आणि धप्पकन् आवाज करत विमानानं चक्क बसकण मारली! मागची शिडी पार वाकली. तिच्यावर त्या वेळी कुणी नव्हतं, हे माझं नशीब.

"अहो, कपाट बसलं बरं का मागे!" कानात बायको.

"इथेही बसलं," मी म्हणालो आणि फोन बंद केला.

कॉकपिटची खिडकी आता आभाळाला टेकल्यासारखी वाटत होती. तिच्यातून कॅप्टनबाई डोकावल्या.

"मला समोर नुसते ढग दिसतायत! आपण अजून निघालो नाही ना?"

मला काहीतरी करून दाखवायचं होतं. मी ओरडलो, "सगळे पुढे पळा!"

"कुणी जागचं हलायचं नाही!" बाई माझ्या वरताण ओरडल्या. "नाक एकदम खाली आपटेल! आधी नाकाखाली टेकू लावा. मग पेट्या एकेक करून काढा."

मामांनी टेकू लावला, पेट्या काढल्या. मग टेकू उतरवत नाक हळूहळू खाली आणलं. सगळे सुखरूप उतरले. बाई माझ्यापाशी आल्या. आवाज अजिबात चढलेला नव्हता.

"जमिनीवर बसलं म्हणून हसता येतंय. उडताना असं झालं असतं, तर मी काय करणार होते?"

विमानातली माणसं एकेक करून डोळ्यांसमोरून गेली.

"मी फोनवर होतो," एवढंच म्हणालो. मामांनी माझ्याकडे न बघता टेकू उचलला, ते जास्त लागलं.

उड्डाण रद्द झालं. माझी रवानगी हरवलेल्या छत्र्यांच्या खोलीत झाली. तिथे निघालो असताना संघाचे प्रशिक्षक धावत आले. मी माफी मागायला हात जोडले, तर त्यांनीच माझे हात धरले.

"साहेब, उपकार झाले! सारख्या हरून पोरांनी हाय खाल्ली होती. आता जो तो म्हणतोय, आपण विमान उचललं!"

खरं काय ते सांगायला मी तोंड उघडलं... आणि मिटलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या कामाचं कौतुक करणारा तो पहिलाच माणूस होता हो!