पोचत नाही

लोक बनियन बदलतात तसे आमचे शेजारी धनाभाऊ मोटारसायकलचे सायलेन्सर बदलतात. वर्षभरात सात झाले. सायलेन्सर म्हणजे आवाज गप्प करणारी वस्तू, असं मी शिकवणीत सांगितलं की मुलं त्यांच्या अंगणाकडे बघून फिदीफिदी हसतात. माझी अब्रू त्या नळकांड्याने घालवली.

धनाभाऊ कोसबाडच्या वाटेवर एका चिकूच्या वाडीत मुकादम आहेत. माणूस किडकिडीत, साठीला आलेला, एरवी मुंगीलाही वाट देणारा. पण तलासरीला हायवेवरच्या मिस्त्रीकडून नवा सायलेन्सर बसवून आले, की गल्लीच्या वळणावर थांबून दोनदा रेस करणार. मग अंगणात गाडी लावून धावत स्वयंपाकघराच्या खिडकीत डोकावणार आणि तोंड पाडून परत येणार.

"नाही सर. पोचत नाही."

"कुठे पोचवायचाय? वापीला?"

ते मान हलवून पुन्हा सायलेन्सरकडे वाकायचे.

पंजाबी बसवला. "गोड आहे, पण पोचत नाही." इंदोरी बसवला, तो पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा वाजायचा. "जोर आहे, पण पोचत नाही." शेवटी त्यांनी आतली जाळीच काढून टाकली. त्या दिवशी आमच्या भिंतीवरचं घड्याळ पडलं आणि पाच वर्षं पाळलेलं मांजर निघून गेलं. अजून आलेलं नाही. पोलिसांनी दोनदा चौकात धरलं, तर हा गृहस्थ त्यांनाच विचारतो, "साहेब, तुम्हाला कुठून ऐकू आला?"

माझं डोकं फिरलं. धनाभाऊ वाडीत असताना मी तडक त्यांच्या बायकोकडे, शेवंतीवहिनींकडे गेलो. त्या ओट्यावर बसून वाल सोलत होत्या.

"वहिनी, आता हद्द झाली!" मी ओरडलो.

वहिनींनी माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि हसल्या. "सर, तुमचे उपकार. तुम्ही बोललात म्हणूनच यांनी गाडी शांत करून घेतली ना? हल्ली दारात येऊन उभे राहिले तरी कळत नाही. आधी वळणावर आले की मी चहा ठेवायची. आता येतात ते चोरासारखे!"

टोमणा मारतायत असं वाटून मी तोंड उघडलं, तेवढ्यात वळणावर दोन रेस झाल्या. माझ्या छातीत धडधडलं, खिडकीचं तावदान थरथरलं. वहिनी मान खाली घालून वाल सोलत राहिल्या.

मी उठून फाटकाशी गेलो. धनाभाऊंनी माझा चेहरा पाहिला आणि गाडी बंद केली.

"कळलं ना सर?" ते हळू म्हणाले. "तिच्या कानाची नस सुकत चाललीय. डॉक्टर म्हणाले, मशीनचाही उपयोग नाही, हळूहळू सगळंच जाणार. तिला मी सांगितलंय, कानात मळ साचलाय. गाडी ऐकून तिने चहा ठेवला असता, तर म्हटलं असतं अजून थोडं ऐकणं बाकी आहे."

मला माझीच लाज वाटली. म्हटलं, "भाऊ, मी लक्ष ठेवतो. तुम्ही वळणावर आलात की वहिनींना हात करून सांगेन."

"नको सर. तुम्ही सांगून ठेवलेला चहा तुमचा झाला. आणि मग तिला कळेलच ना, की आपल्याला सांगावं लागतं."

मी कपाळाला हात लावून घरी आलो.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी कंपनीचा जुना सायलेन्सर परत बसवला. मिस्त्री म्हणे विचारत होता, "काय भाऊ, हौस फिटली?"

आता गल्ली शांत आहे. मुलं पाढे म्हणतात ते नीट ऐकू येतात, आणि मला ते नकोसे वाटतात. पाच वाजले की माझे कान आपोआप वळणाकडे लागतात. धनाभाऊ येतात, थांबतात, सवयीने दोनदा रेस करतात. अंगणात गाडी लावतात, पण खिडकीत डोकावत नाहीत. सरळ आत जातात.

जरा वेळाने गॅसचा लायटर वाजतो. चहा तेच ठेवतात.