सहावी ‘अ’मधील अकाली आकलनाचे प्रकरण

वर्सोव्यातल्या एका शाळेत जुलैच्या एका मंगळवारी सहावी ‘अ’मधल्या रोशनी टपके या विद्यार्थिनीने प्रश्न विचारला.

“बाई, अर्ध्याला पावाने भागलं तर उत्तर दोन येतं. पण भागल्यावर कमी व्हायला पाहिजे ना? वाढलं कसं?”

संघमित्रा सकपाळ एकोणीस वर्षं गणित शिकवत होत्या. ‘दुसरा अपूर्णांक उलटा करायचा आणि गुणायचं’ हे त्यांनी दीडेक हजार मुलांना सांगितलं होतं. का उलटा करायचा, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही कोणाला विचारलं नव्हतं. बाई स्वभावाने प्रामाणिक होत्या. म्हणाल्या, “मला नाही माहीत गं. विचारून सांगते.”

ही बातमी मुख्याध्यापिका अस्मिता ठोसर यांच्याकडे गेली. त्यांनी बाईंना बोलावून घेतलं.

“माहीत नाही असं वर्गात बोलायचं नसतं हो. पुढच्या इयत्तेत येईल, असं सांगायचं.”

“पुढच्या इयत्तेतही येत नाही, मॅडम.”

मॅडमना एकदम खणातलं परिपत्रक आठवलं. प्रत्येक शाळेने विज्ञान व गणित या विषयांत विद्यापीठाशी सहकार्य करावं, असं त्यात म्हटलं होतं. शाळा सहकार्याला केव्हाचीच तयार होती, फक्त कशाबद्दल करायचं ते सापडत नव्हतं. प्रश्न त्याच दिवशी तीन प्रतींत विद्यापीठाकडे रवाना झाला.

ऑगस्टमध्ये सामंजस्य करार झाला. विद्यापीठातर्फे गणित-शिक्षणाचे प्राध्यापक डॉ. शौनक बेडेकर आले. माणूस साधा, गणितावर मनापासून प्रेम करणारा. शिक्षकांच्या खोलीत चहा घेता घेता त्यांनी प्रश्न वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला.

“काय सुंदर प्रश्न आहे. दोन मिनिटांत दाखवतो.”

त्यांनी फळ्यावर एक आयत काढला, मधोमध रेघ मारली. संघमित्राबाई खुर्चीच्या कडेवर येऊन बसल्या. आणि सरांनी खडू खाली ठेवला.

“पूर्वचाचणी झालीय का?”

“नाही.”

“मग आत्ता सांगणं योग्य नाही. मुलांना आधीच समजलं, तर ते आमच्यामुळे समजलं हे सिद्ध कसं करणार?”

“मला एकटीला सांगा ना, सर. मी नाही बोलणार.”

“तुम्हाला कळलं तर ते तुमच्या चेहऱ्यावर दिसेल, बाई.” सरांनी खिशातल्या रुमालाने आयत पुसून टाकला.

पूर्वचाचणी दिवाळीनंतर ठरली. तोवर मुलांचं अज्ञान आहे त्या स्थितीत जतन करणं ही शाळेची जबाबदारी, पुढे ते दूर करणं ही विद्यापीठाची. सहावी ‘ब’ तुलनेसाठी होती; तिला वर्षअखेरपर्यंत काहीही कळू द्यायचं नव्हतं. या कामाचा शाळेला पुरेसा अनुभव असल्याचं मुख्याध्यापिकांनी लेखी कळवलं.

रोशनीला मात्र करार कोणी वाचून दाखवला नव्हता. तिने शनिवारी बाजारात आपल्या आजीला विचारलं. सखुबाई चाळीस वर्षं मासळी विकत होत्या. सोमवारी मधल्या सुट्टीपर्यंत वर्गातल्या अकरा मुलांना समजलं होतं. बाई प्रामाणिकच असल्यामुळे त्यांनी ते कळवलं. डॉ. बेडेकर दुपारीच हजर झाले, वहीत ‘अकाली आकलन’ अशी नोंद केली आणि रोशनीच्या घरी बोलावणं धाडलं.

सखुबाई कार्यालयात आल्या त्या उभ्याच राहिल्या.

“काय केलं माझ्या पोरीने?”

“आजी, तिला अपूर्णांकांचा भागाकार समजलाय,” मुख्याध्यापिका शक्य तितक्या हळुवारपणे म्हणाल्या.

“मग?”

“तुम्ही नेमकं काय सांगितलंत तिला?” सरांनी विचारलं.

“काय सांगणार? पाटीत अर्धा किलो कोलंबी उरली. गिऱ्हाईक पाव-पाव किलो मागतंय. किती जणांना देशील? ती बोलली, दोघांना. झालं.”

संघमित्राबाई हळूच म्हणाल्या, “म्हणजे अर्ध्यात पाव किती वेळा बसतो, एवढंच विचारलंय.” त्यांचे डोळे भरून आले. एकोणीस वर्षं ही गोष्ट बाजारात, शाळेपासून पाच मिनिटांवर होती.

सरांनी वहीत बाईंचंही नाव लिहिलं.

दुसऱ्या दिवसापासून समजलेल्या मुलांना वाचनालयात बसवण्यात आलं आणि बाईंना कवायतीचे तास देण्यात आले. पण वाचनालयाची खिडकी ‘ब’ वर्गाकडे उघडत होती. दिवाळीनंतर पूर्वचाचणी झाली तेव्हा दोन्ही वर्गांतल्या सगळ्यांचं उत्तर बरोबर आलं.

“वाट लागली,” डॉ. बेडेकर म्हणाले. विद्यापीठात त्यांनी हे शब्द कधी वापरले नव्हते. “आधीच शंभर टक्के असतील तर प्रगती दाखवायची कुठे?”

मग पूर्वचाचणी पुन्हा घेतली. या वेळी प्रश्नपत्रिकेवर सूचना होती: ‘समजण्यापूर्वी जे उत्तर लिहिले असते ते लिहा.’ मुलं आज्ञाधारक होती. त्यांनी दुसरा अपूर्णांक न उलटताच गुणून एक अष्टमांश लिहिलं. रोशनीने दोन लिहिलं.

“अगं, चुकीचं लिही ना,” मुख्याध्यापिका म्हणाल्या.

“पण मला आता चुकीचं येत नाही, मॅडम.”

तिची उत्तरपत्रिका नियमबाह्य ठरली. फेब्रुवारीत उत्तरचाचणी झाली आणि ‘अ’ वर्गाने शून्यावरून शंभर टक्क्यांवर झेप घेतली. ‘ब’ वर्गाला पुन्हा चुकीचंच लिहायला सांगितलं होतं. त्यांनी तेही नीट केलं. अहवाल परिषदेत गाजला. सरांना पुढच्या प्रकल्पासाठी आणखी चाळीस शाळा मिळाल्या.

मार्चमध्ये पालकसभेत अहवालाचं वाचन झालं. टाळ्या झाल्यावर संघमित्राबाई कवायतीची शिट्टी गळ्यात तशीच ठेवून उठल्या.

“हे खरं नाही,” त्या म्हणाल्या. “मुलांना ऑगस्टमध्येच कळलं असतं, पण आम्ही ते अडवून धरलं. मलाही येत नव्हतं. सांगितलं ते रोशनीने, आणि रोशनीला तिच्या आजीने. कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा.”

आता गोंधळ होणार म्हणून मुख्याध्यापिकांनी डोळे मिटून घेतले. मग मागून एका पालकाने हात वर केला.

“रोशनीच्या आजींचा क्लास कुठे आहे?”

रविवारी सकाळी सखुबाईंच्या पाटीसमोर साठ पालक उभे होते. कोणीही मासळी घेतली नाही.

“क्लासबिस काही नाही रे बाबा. मी कोलंबी विकते,” त्या सांगून सांगून थकल्या.

पालकांनी एकमेकांकडे पाहिलं. इतकं ठाम नाही म्हणते, म्हणजे बॅच फुल्ल झालेली असणार. कोणीतरी वहीचं पान फाडलं आणि प्रतीक्षायादी सुरू केली. त्यात सातवं नाव तुमच्या मुलाचं आहे. अक्षर तुमचंच दिसतंय.