सेनापतींच्या अंगावरचा रंग

एका जंगलात, बाळगोपाळांनो, तरसाचं राज्य होतं. नाकं मुरडू नका. तुमच्याकडे कोण कोण निवडून येतं, ते मी विचारलंय का?

त्याच जंगलात केरोबा नावाचं एक मुंगूस राहायचं. केरोबाला नाद एकच. प्लास्टिकचे बोटभर सैनिक आणायचे, रंगवायचे आणि पटावर मांडून, फासे टाकत जुन्या लढाया पुन्हा लढायच्या. कुंचले शेपटीच्या केसांचे. तेही स्वतःच्याच! बायको म्हणायची, "अहो, लग्नकार्यात मिरवायला शेपटी उरेल का?" पण केरोबा ऐकतोय कसला!

यंदा राजाने फर्मान काढलं. ओढ्यावर लांडग्यांशी झालेल्या जुन्या लढाईचा उत्सव करायचा, मोठा पट मांडायचा. "आणि सेनापती चुकले, तर शेपूट छाटीन हं," राजा प्रेमाने म्हणाला.

केरोबा तडक म्हाताऱ्या कासवाकडे गेला. कासव त्या लढाईत हजर होतं. पळता आलं नव्हतं, म्हणून.

"कसला सेनापती घेऊन बसलास!" कासव म्हणालं. "सगळे पळाले रे. एक ससा तेवढा उभा राहिला. डावा कान फाटलेला. त्याला बघून लांडगेच बावचळले आणि परत गेले."

केरोबाने प्लास्टिकचा ससा घेतला. पात्याने त्याचा डावा कान जरासा चिरला. त्या चिरेवर एका केसाने तांबडी रेघ ओढली. रेघ अशी झकास उतरली, की गड्याचे डोळेच भरून आले.

राजाने ते पाहिलं. "ससा? अरे, भावना दुखावल्या आमच्या! सेनापती आमचे आजोबा होते!"

केरोबाने मुकाट्याने सशावर पट्टे काढले. मग रानडुकरांचा मोर्चा आला. "आमच्या आजोबांचे सुळे कुठायत?" रंगाचा आणखी एक हात. कोल्हे साखळी उपोषणाला बसले. आणखी एक हात. माकडांनी तर 'जंगल बंद' पुकारला आणि बंदमध्ये दुसऱ्यांची फळं खाल्ली. शेपटी वाचवायची म्हणून शेपटीचेच केस उपटायचे, असला तो धंदा!

उत्सवाच्या दिवशी पटावर सेनापती म्हणून एक गोळा उभा होता. ना कान, ना डोळे.

राजा गहिवरला. "हुबेहूब आजोबा!"

"आमचेच!" रानडुकरं म्हणाली. माकडांनी आरती केली. लढाई मात्र झालीच नाही. लांडग्यांच्या बाजूने फासे टाकायला कोणी बसेना.

केरोबाला शाल, श्रीफळ आणि शेपटीसाठी कंगवा मिळाला. शेपटीवर तोवर एकही केस उरला नव्हता.

गर्दी पांगली, तशी एक म्हातारी सशीण बिचकत पुढे आली. "भाऊ, आमचे आजोबापण होते म्हणे ओढ्यावर. फाटक्या कानाचे. ते कुठे दिसत नाहीत?"

केरोबाने गोळ्याकडे बोट दाखवलं. "आहेत, आजी," तो कसाबसा म्हणाला. "अगदी आत आहेत."

"मग काढा की बाहेर!"

केरोबाने राजाकडे पाहिलं. मग शेपटीकडे पाहिलं. आणि कंगवा उचलून घरी गेला.

तात्पर्य: पूर्वजांवर इतका रंग चढवावा, की ते कोणालाच ओळखू येऊ नयेत, मगच ते सगळ्यांचे होतात. आणि खरं बोलायची फारच हौस असेल, तर आधी कासवासारखी पाठ मिळवावी.