ब्रेकला पाय न लावणारा जावई

जेवताना सासरे सहज म्हणाले, "जावईबापू, तुमची ती विजेची गाडी तपासणीत टिकायची नाही." मी गप्प बसायला हवं होतं. पण तोंडात घास असला की माझ्या जिभेला जास्तच धार चढते. मी म्हणालो, "बाबा, दोन्ही गाड्या एकाच दिवशी नेऊ. जो नापास होईल, त्याने रविवारी आत्याबाईंकडे दुसऱ्याच्या गाडीत मागच्या सीटवर बसून यायचं."

आत्याबाईंकडे त्या दिवशी माझं अख्खं सासर जमणार होतं. म्हणजे अब्रूचाच प्रश्न होता.

सासऱ्यांची डिझेल गाडी आमच्या लग्नाच्याही आधीची. तिचं दार खांद्याने ढकलल्याशिवाय उघडत नाही. शिवाय रस्त्यावर वाळकं पान उडालं तरी सासरे ब्रेक दाबतात. (सासूबाई याला सावधपणा म्हणतात. मी काय म्हणतो ते लिहीत नाही, कारण त्या हे वाचणार आहेत.)

तपासणी केंद्रात त्यांची गाडी खोकत आत गेली आणि पास होऊन खोकत बाहेर आली. मग माझी गेली, आवाजसुद्धा न करता. तपासनीस खाली वाकला आणि बराच वेळ वर आलाच नाही.

"साहेब, ब्रेक कधी दाबता?"

"दाबावाच लागत नाही," मी छाती फुगवून म्हणालो. "ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की गाडी आपोआप थांबते. वर बॅटरीही भरते. गाडी सुरू करताना नाइलाजाने दाबतो, तेवढंच."

"दिसतंय. मागच्या ब्रेकच्या डिस्कला नुसता गंज चढलाय. नापास."

"अहो, पण मोटर बघा, बॅटरी बघा."

"दोन्ही झकास आहेत. गाडी जायला पास आहे, थांबायला नापास आहे."

मी हार मानली नाही. त्याला सांगितलं, की गंज हा माझ्या उत्तम ड्रायव्हिंगचा पुरावा आहे. त्याने मान डोलावली आणि रोज थोडा ब्रेक दाबत जा म्हणाला. सासरे शेजारी उभे राहून आभाळाकडे बघत होते.

रविवारी मी मागच्या सीटवर, बायको आणि सासूबाईंच्या मधे. तरी मी माघार घेतली नव्हती. वाटभर विजेच्या गाडीचं भवितव्य समजावून सांगत होतो. माझं व्याख्यान ऐकता ऐकता सासरे एका वळणावर ब्रेक दाबायला विसरले. पुढच्या वळणावर पुन्हा विसरले. मी बोलतच होतो, फक्त आवाज जरा बारीक झाला होता.

बायको माझ्या पायाकडे बघत होती. माझा उजवा पाय खालची चटई जीव खाऊन दाबत होता.

"अहो," ती शांतपणे म्हणाली, "हे आपल्या गाडीत केलं असतंत, तर आज पुढे बसला असतात."